शिकलेल्यांनाही शिकावे लागते
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या वर्षी याच दिवशी मी आपल्यापुढे कुरडयांविषयी बोलले होते. चिकाला आच किती द्यावी, गाठी होऊ नयेत म्हणून कसे ढवळावे, हे सांगितले आणि आपण सर्वांनी टाळ्याही वाजवल्यात. यंदा चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "या वेळी पापडांवर बोला." मी म्हटले, "या वेळी मला दारूवर बोलू द्या." त्यांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. पण त्यांनी कार्यकारिणीत विषय काढला, दोघीतिघींनी नाके मुरडली, आणि शेवटी परवानगी मिळाली ती वीस मिनिटांची. तेव्हा फार पाल्हाळ लावत नाही.

माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. घरी बसून कांड्या भरते, आणि आमचे हे यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर आहेत, हे या इचलकरंजीत नव्याने सांगायला नको. मी जे सांगणार आहे त्यातले काही माझ्या अंगावरून गेलेले आहे आणि काही माझ्या पुतणीने मला वाचून, समजावून दिलेले आहे. यांना विचारूनच मी आज इथे उभी आहे. ते म्हणाले, "सांग खुशाल. गल्लीला ठाऊक नाही असं आता काय उरलंय?"

विषय असा आहे, की मनाचे आजार बरे करणाऱ्या शिकल्यासवरल्या माणसांना व्यसनाचे वेगळे शिक्षण घ्यावे लागते का? आपल्याला वाटते, एवढ्या पदव्या घेतल्यात, त्यांना सगळे येतच असेल. मलाही तसेच वाटत होते, आणि त्यामुळे आमच्या घराची दोन वर्षे गेली. म्हणून आधी तेच सांगते.

२०१६ सालची गोष्ट. यांची झोप उडाली होती. रात्र रात्र माळ्यावर फेऱ्या घालायचे. चिडचिड, जेवणावर मन नाही, आणि एकदा तर म्हणाले, "मी गेलो तर तुमचं बरं चालेल." त्या वाक्याने मी घाबरले. सासूबाई म्हणाल्या, बाहेरचे काही झाले असेल, देवऋषी पाहू. मी हट्टाने यांना मोठ्या शहरातल्या मनाच्या डॉक्टरांकडे नेले. नाव घेत नाही, माणूस वाईट नव्हता. दहा मिनिटे पाहिले. झोप विचारली, भूक विचारली, घरात कोणाला असा आजार आहे का हे विचारले. दारूचा शब्द काढला नाही. आणि मी? मी तरी काढला का? शेजारी सासूबाई बसलेल्या. त्यांच्यासमोर त्यांच्या मुलाचे पिणे मी उघडे कसे करू? मी पदर सावरून गप्प बसले. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, आम्ही एस. टी. धरून घरी आलो.

हे त्या गोळ्या घ्यायचे आणि वर क्वार्टर घ्यायचे. एके रात्री मी हलवून हलवून थकले, हे उठेनात. श्वास इतका सावकाश, की मी नाकापुढे आरसा धरून पाहिला. रिक्षात घालून दवाखान्यात नेले, तेव्हा तिथल्या परिचारिकेने पहिलाच प्रश्न विचारला, "गोळ्यांवर दारू घेतली का?" झोपेच्या आणि दारूच्या गुंगीची बेरीज होते, माणूस श्वास घ्यायचाच विसरतो, हे मला त्या दिवशी कळले. आपल्यापैकी ज्या कोणाच्या घरात असल्या गोळ्यांची पाकिटे आहेत आणि बाटलीही आहे, त्यांनी एवढे तरी आज घरी घेऊन जावे.

मग २०१७ साली आम्ही यांना एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवले. तिथली माणसे दारूचे सगळे ओळखून होती. तीही कधीकाळी प्यायलेलीच. यांच्याशी बोलायची ती यांच्याच भाषेत, आणि यांना पहिल्यांदाच वाटले की आपल्याला कोणीतरी ओळखले. पण त्यांनी मनाच्या सगळ्या गोळ्या काढून घेतल्या. म्हणाले, एक नशा सोडून दुसरी धरायची नाही. डॉक्टरांना विचारले नाही. दारू सुटली, पण हे भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. महिन्याने घरी आले ते तसेच, आणि पंधरा दिवसांत पुन्हा सुरू झाली.

म्हणजे बघा, एकाकडे मनाचे औषध होते, दारूचे कळत नव्हते. दुसऱ्याकडे दारूचे कळत होते, मनाचे नव्हते. आणि आमचा माणूस एकच! त्याचे मन एका दवाखान्यात आणि दारू दुसऱ्या दवाखान्यात, असे दोन तुकडे करून कसे न्यायचे?

२०१८ साली तिसऱ्या ठिकाणी आम्हाला एक बाई भेटल्या. समुपदेशक, म्हणजे आपण ज्यांना कौन्सिलर म्हणतो त्या. मी त्यांना ताईच म्हणते, जरी त्या माझ्यापेक्षा लहान असल्या तरी. ताईंनी पहिल्या भेटीत सासूबाईंना आदराने बाहेर बसवले, मलाही बाहेर बसवले, आणि यांना एकट्याला आत घेतले. मग मला एकटीला. मला वाटले, आता विचारतील, नवरा पितो का? त्यांनी तसे विचारलेच नाही. त्यांनी विचारले, "दिवसाला किती लागते? शेवटची कधी घेतली? सकाळी हात थरथरतात का?" जणू काही साखर किती, दूध किती, असे. त्यात ना कौतुक ना तिरस्कार. आणि मी, जी दोन वर्षे गप्प होते, ती भडाभडा सगळे सांगून मोकळी झाले.

पुढे ओळख वाढल्यावर मी ताईंना विचारले, "तुम्हाला हे असं विचारायला कोणी शिकवलं?" त्या हसल्या. म्हणाल्या, "वहिनी, मानसशास्त्राची एम. ए. झाले, पाच वर्षं काम केलं, आणि या पाच वर्षांत माझ्याकडे आलेल्या पिणाऱ्या माणसांपैकी एकालाही मी धड प्रश्न विचारला नव्हता. मला वाटायचं, दुःख आहे म्हणून पितो. दुःख काढलं की दारू आपोआप जाईल. मग प्रशिक्षणाला गेले, तेव्हा कळलं."

ते प्रशिक्षण कसे असते, ते त्यांनी मला सांगितले, आणि मला ते इतके नवलाचे वाटले की मी पुन्हा पुन्हा विचारून घेतले.

पहिल्याच दिवशी त्यांना सांगितले, की आपल्याला सगळ्यात आवडणारी एक वस्तू महिनाभर सोडा आणि रोज वहीत लिहा. ताईंनी चहा सोडला. चौथ्या दिवशी डोके ठणकायला लागले. सहाव्या दिवशी मैत्रिणीकडे गेल्या आणि अर्धा कप घेतला. आणि मैत्रिणींनो, वहीत त्यांनी ते लिहिले नाही! वर्गात विचारले तर चक्क "घेतला नाही" म्हणाल्या. एम. ए. झालेली बाई अर्ध्या कप चहासाठी खोटे बोलली. दुसऱ्या दिवशी त्यांनीच उठून सांगितले, तेव्हा शिकवणारे गृहस्थ म्हणाले, "आता तुम्ही शिकायला लागलात." मला हे ऐकून यांची आठवण झाली. धुण्याच्या साबणाच्या खोक्यात लपवलेली बाटली, आणि माझ्या डोळ्याला डोळा भिडवून "शप्पथ" म्हणणारे हे. मी त्याला लबाडीच समजत आले होते.

शिकवणाऱ्यांपैकी काही जण स्वतः पूर्वी प्यायलेले आणि आता सोडलेले होते. ते रोगी व्हायचे आणि या पदवीवाल्यांनी त्यांच्याशी बोलायचे. मग ते सांगायचे, "बाई, तुम्ही हे वाक्य बोललात ना, इथेच मी उठून गेलो असतो." आपल्याकडे शिकलेल्याने अडाण्याला शिकवायचे अशी रीत आहे. तिथे उलटे. ताई म्हणाल्या, पहिले आठ दिवस फार अपमान वाटला.

त्यांना दारू सोडणाऱ्यांच्या सभांनाही जाऊन बसावे लागले. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणून संघटना आहे, ए. ए. म्हणतात तिला. १९३५ साली अमेरिकेत एक शेअरदलाल आणि एक डॉक्टर, दोघेही पिणारे, एकमेकांना भेटले आणि एकमेकांच्या आधाराने त्यांनी दारू सोडली, त्यातून ती निघाली. त्यांच्या काही सभा फक्त पिण्याचा त्रास असणाऱ्यांसाठी असतात आणि काही सर्वांना खुल्या. ताईंनी खुल्या सभेत मागे बसायचे, वही काढायची नाही, सल्ला द्यायचा नाही, नुसते ऐकायचे. सल्ला न देता तास दीड तास बसणे किती अवघड असते, हे आपल्या मंडळाच्या सभेत बसलेल्या कोणालाही सांगायला नको.

शरीराचेही शिकवतात. औषध देणे हे डॉक्टरांचेच काम, समुपदेशकाने गोळीला हात लावायचा नाही. पण डॉक्टरांकडे कधी धाडायचे, हे त्याला कळलेच पाहिजे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर पहिल्या दिवसापासून हातपाय कापतात, घाम सुटतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या तिसऱ्या दिवशी कधी कधी भ्रम होतो. नसलेले दिसते, नसलेले ऐकू येते. त्यात जीवही जातो. आपण मात्र म्हणतो, "कोंडून ठेवा चार दिवस, आपोआप सुटेल."

याचा उपयोग मला पुढे कसा झाला, ते आताच सांगते, नाहीतर राहून जाईल. २५ मार्च २०२० ला देश बंद झाला, दुकाने बंद झाली, दारूची तर पहिल्यांदा. आमच्या चाळीतले एक गृहस्थ. नाव सांगत नाही, ओळखणाऱ्यांनी ओळखावे आणि गप्प राहावे. तिसऱ्या रात्री ते भिंतीवरून काहीतरी झाडायला लागले. म्हणे मुंग्या आल्यात, डोळ्यांत शिरताहेत. कपडे घामाने चिंब. बायको रडते आहे, कोणी म्हणते भुताने धरले, कोणी म्हणते हाच तो नवा रोग, जवळ जाऊ नका. मी यांना म्हटले, "अहो, हे ताईंनी सांगितलेलं तेच." रात्री दोन वाजता १०८ नंबरची गाडी बोलावली. गाडीतल्या डॉक्टरांना मी एवढेच सांगितले, रोज किती पीत होते आणि शेवटची कधी घेतली. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिले आणि विचारले, "तुम्ही नर्स आहात का?" मी म्हटले, "नाही, कांड्या भरते." ते गृहस्थ वाचले. आज हिंडतात फिरतात.

असो. पुन्हा शिक्षणाकडे येते.

ताईंना चार प्रश्न शिकवले होते. जगभर ते वापरतात आणि आपल्याकडचा कोणताही डॉक्टर दोन मिनिटांत विचारू शकेल. कमी करावी असे कधी वाटले का? कोणी बोलले की राग येतो का? प्यायल्याबद्दल मनाला टोचणी लागते का? सकाळी उठल्याबरोबर हात स्थिर व्हावा म्हणून घ्यावी लागते का? दोनांचे उत्तर होय आले तर नीट चौकशी करायची. आम्ही त्या पहिल्या डॉक्टरांपुढे दहा मिनिटे बसलो होतो. त्यात हे चार प्रश्न सहज मावले असते.

आणखी एक त्यांना शिकवले, ते म्हणजे वाद घालायचा नाही. अमेरिकेतल्या विल्यम मिलर नावाच्या मानसतज्ज्ञांनी १९८३ साली हे प्रथम मांडले. पिणाऱ्याला तुम्ही "सोड, सोड" म्हणून ओढलेत तर तो दारूची बाजू घेऊन वकिली करतो. त्याऐवजी असे विचारा, की सोडण्याची कारणे त्याच्याच तोंडून निघाली पाहिजेत. ताण वाढवला की सूत तुटते, हे आपल्या गावात पोरालाही ठाऊक आहे, तरी घरात मी पंधरा वर्षे ताणच वाढवत होते. ताईंनी यांना विचारले, "दारूचं चांगलं काय वाटतं?" मी बाहेर ऐकत होते, मला तर रागच आला. मी काय चांगले ऐकायला आणले होते यांना? पण हे अर्धा तास बोलले. आणि शेवटी आपणच म्हणाले, "पण बाई, पोरगी माझ्या हातून पाणी घेत नाही आता." हे वाक्य त्यांनी मला लग्नापासून कधी ऐकवले नव्हते.

आणि मनाचे? त्याचेही शिक्षण असते. काही जणांचे दुःख आधीचे असते आणि काहींचे दारूनेच आलेले असते. दारूने आलेले असेल तर ती थांबल्यावर दोन चार आठवड्यांत पुष्कळदा उतरते. आधीचे असेल तर राहते, मग त्यावर उपचार हवेतच. म्हणून सोडल्यानंतरचे दिवस डोळ्यात तेल घालून पाहावे लागतात. मात्र जीव देण्याची भाषा असेल तर वाट पाहायची नाही, सरळ शब्दांत विचारायचे आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. आमच्या यांचे दुःख थोडे आधीचे निघाले. धाकटा भाऊ विहिरीत गेला होता, ते आमच्या लग्नापूर्वीचे, त्यावर घरात कोणी कधी बोललेच नव्हते. ताईंनी गोळ्यांसाठी यांना दुसऱ्या डॉक्टरांकडे धाडले, पण आधी फोन करून दारूचे सगळे सांगून ठेवले. २०१८ च्या दिवाळीपासून यांनी सोडली. मध्ये २०२१ च्या गणपतीत एकदा घसरले, तीन दिवस. मी ताईंकडे रडत गेले, वाटले सगळे पाण्यात गेले. त्या म्हणाल्या, "तीन दिवसच ना? मागं तीन महिने जायचे." हे दुसऱ्याच दिवशी स्वतः त्यांच्याकडे गेले.

आता आपण म्हणाल, एका ताईंची गोष्ट झाली, बाकी जगात काय आहे? माझ्या पुतणीने मला जे वाचून दाखवले त्यातले थोडेसे सांगते.

अमेरिकेत मिनेसोटा नावाचे राज्य आहे. तिथे विल्मर गावच्या सरकारी मनोरुग्णालयात १९५० नंतरच्या दशकात दारू सोडलेल्या माणसांना पगारावर समुपदेशक म्हणून नेमले आणि डॉक्टरांच्या बरोबरीने कामाला बसवले. त्या वेळी ते फार नवे होते. आज त्याच राज्यात व्यसनाचा समुपदेशक म्हणून परवाना हवा तर पदवी लागते, या विषयाचे २७० तासांचे शिक्षण लागते, शिवाय जाणत्यांच्या देखरेखीखाली ८८० तास प्रत्यक्ष काम, आणि परीक्षा. रोजचे आठ तास धरले तर एकशे दहा दिवस होतात. मी मोजले. माझ्या मुलीला पोळी लाटायला शिकवायला मी याच्या दशांशही वेळ दिला नसेल.

आपल्या देशात या कामाला असा वेगळा परवाना नाही. कोणीही पाटी लावतो. म्हणून आपणच पाहून घ्यावे लागते. २०१७ साली मानसिक आरोग्याचा जो कायदा झाला त्यात दारूच्या आणि नशेच्या दुरुपयोगाशी जोडलेले मनाचे आजारही धरले आहेत आणि रुग्णाला क्रूरपणे वागवायला बंदी आहे. केंद्राची नोंदणी आहे का, डॉक्टर कोण येतात, समुपदेशक कुठे शिकले, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारायला लाजू नका. साडी घेताना पदर उलटून पाहतो, आणि माणूस ठेवताना विचारत नाही!

पण शिक्षणाची सोय आपल्याकडे नाही असेही नाही. पुण्याच्या मुक्तांगणचे नाव आपण ऐकले असेल. येरवड्याच्या मनोरुग्णालयातल्या डॉ. अनिता अवचट या मनाच्या डॉक्टर. त्यांचे यजमान अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी पैसे दिले, आणि १९८६ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सुरू झाले. म्हणजे एका मनाच्या डॉक्टरीणबाईंनीच हे काम उभे केले, आणि बरे झालेल्या रुग्णांना शिकवून तयार करून त्यांनाच तिथे कामाला घेतले. त्या १९९७ साली गेल्या. तिथे दुसऱ्या संस्थांच्या कार्यकर्त्यांनाही शिकवले जाते. बंगळूरची निमहान्स ही मोठी सरकारी संस्था तर दूरच्या डॉक्टरांना आणि समुपदेशकांना पडद्यावरून शिकवते.

मद्रासच्या शांती रंगनाथन यांची हकिकत तर मी पुतणीकडून दोनदा वाचून घेतली. मोठ्या उद्योगपतींच्या घरातल्या सून. नवरा दारूच्या आजाराने १९७९ साली गेला, अगदी तरुण वयात. घरात पैसा होता, परदेशी उपचारही झाले, तरी गेला. या बाई पुढच्याच वर्षी उभ्या राहिल्या, समाजकार्याचे शिक्षण त्यांच्यापाशी होतेच, परदेशी जाऊन या विषयाचे आणखी शिकल्या, आणि व्यसनाच्या उपचारासाठी संस्था काढली. १९९२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी समुपदेशकांना शिकवण्याची पुस्तकेही तयार केली. नवरा गेल्यावर बाईने कपाळ पुसून कोपऱ्यात बसावे अशी आपली समजूत. त्या कोपऱ्यात बसल्या नाहीत.

आणि पदवी नसलेल्यांचे काय? आपल्या शेजारच्या गोव्यात संगात संस्थेने साध्यासुध्या माणसांना, ज्यांना मनाच्या आजारांची काही पदवी नाही अशांना, शिकवून आरोग्य केंद्रांत बसवले. त्यांनी अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी एक ते चार वेळा बोलायचे. अगदी पुरते अडकलेले नव्हते हे लोक, एवढे लक्षात ठेवावे. ३७७ पुरुषांचा तो अभ्यास २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकाच्या नियतकालिकात आला. तीन महिन्यांनी पाहिले तर नुसता नेहमीचा उपचार मिळालेल्यांत शंभरात २६ जण धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते, आणि समुपदेशन मिळालेल्यांत ३६. दहाचा फरक म्हणजे थोडा, असे कोणाला वाटेल. ज्या दहांच्या घरात तो पडला त्यांना विचारा.

गरज किती आहे तेही सांगते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीप्रमाणे देशात सोळा कोटी लोक दारू घेतात आणि जवळजवळ पावणेसहा कोटींना त्यासाठी मदतीची गरज आहे. पुरते अडकलेल्या अडतिसांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळाला होता. बाकीचे सदतीस आपल्या गल्लीगल्लीत आहेत, आणि त्यांच्या मागे सदतीस बाया.

आता माझ्या पुतणीविषयी, कारण खरे तर तिच्यामुळेच मी हा विषय घेतला. ती आमच्या धाकट्या भाऊजींची मुलगी. कोल्हापूरला मानसशास्त्राची एम. ए. झाली, वर्षभर एका दवाखान्यात काम केले. एके संध्याकाळी माझ्याकडे आली आणि चुलीपाशी बसून रडायला लागली. एका माणसावर ती चार महिने "काळजीचा आजार" म्हणून उपचार करत होती. श्वास कसा घ्यावा, मन कसे शांत करावे, सगळे शिकवत होती. आणि तो रोज सकाळी घेऊन येत होता. शेवटी त्याच्या बायकोनेच येऊन सांगितले. ती म्हणाली, "काकू, लहानपणी तुमच्या घरात मी काकांना पाहिलंय. बडीशेपेचा वास मला कळायला नको होता का? तरी मी विचारलं नाही. मला वाटलं, असं विचारणं बरं दिसत नाही." मी तिला काय सांगणार? मीही तेच समजत होते.

तिने व्यसनाचे प्रशिक्षण घ्यायचे ठरवले. भाऊजींचा विरोध. "एवढं शिकून दारुड्यांत जायचं? उद्या लग्न कसं जमायचं?" घरात आठ दिवस कोणी कोणाशी धड बोलले नाही. त्यांना शेवटी यांनीच समजावले. मी म्हटले होते, यांनी बोलू नये, भाऊजी अपमान करतील. हे गेले, भावापुढे बसले आणि म्हणाले, "मला वाचवलं ती कोणाची तरी मुलगीच होती." भाऊजी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी फी भरली.

आता मंडळापुढे माझे एकच मागणे आहे, आणि ते पैशाचे नाही. गुरुवारी दुपारी आपली खोली रिकामी असते. ताई महिन्यातून एका गुरुवारी इथे येऊन बसायला तयार आहेत. बायांनी शिवणाची पिशवी घेऊन यावे, बघणाऱ्याला वाटेल शिवणवर्ग आहे. नवऱ्याला आणायलाच पाहिजे असे नाही, बाईने एकटीने आले तरी ताई बोलतात. त्या दुसऱ्या कोणाला काही सांगत नाहीत, ते तर त्यांच्या शिक्षणाचे पहिले कलम आहे. कार्यकारिणीतल्या ज्या भगिनींना वाटते की याने मंडळाचे नाव खराब होईल, त्यांना माझी विनंती आहे की एक गुरुवार येऊन बाहेरच्या ओट्यावर बसून पाहावे. ज्यांना तोवर थांबता येत नाही त्यांच्यासाठी सरकारचा १४४४६ हा व्यसनमुक्तीचा फोन आहे आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६. दोन्ही फुकट आहेत. आकडे बाहेर फळ्यावर लिहून ठेवलेत.

वीस मिनिटे झाली, चिटणीसबाई घड्याळ दाखवताहेत. पुतणी सोमवारी सकाळच्या गाडीने निघते आहे. तिच्याबरोबर द्यायचे लाडू अजून वळायचे आहेत, बेसन भाजून ठेवून आले आहे. तेव्हा मी आता बसते.